पनवेलला हलवलेला चौथरा

परक्या घरात पाऊल टाकल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मी त्या घरातला मोरांबा संपवला. चाखला नव्हे, संपवला. आणि तोही दोनदा.

घर बेलग्रेडच्या एका जुन्या वस्तीतलं, बैठं, मागे अंगण असलेलं. घराचे मालक मिलुतिन, सर्बियन भाषेतले बोचऱ्या विनोदाचे कादंबरीकार. त्यांचं आडनाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मनातल्या मनात मी त्यांना मिलुतिनराव म्हणत असे, इथेही तेच म्हणतो. त्यांच्या पत्नी देसाबाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये एक काचेची वाटी, तीत मोरांब्यासारख्या पाकातल्या चेरी, शेजारी चार चमचे आणि चार पेले पाणी. दोघंही हसतमुखानं माझ्याकडे बघत राहिले.

आपल्याकडे पाहुण्यापुढे ठेवलेली वाटी पाहुण्याचीच असते. चार चमचे कशाला, हा प्रश्न मनात आला होता. पण परदेशात विचारून अडाणी ठरण्यापेक्षा करून ठरावं, असं माझं धोरण आहे. मी एक चमचा उचलला आणि पानात टाकायचं नाही या लहानपणच्या शिस्तीनं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. देसाबाई क्षणभर थांबल्या, आत गेल्या आणि वाटी पुन्हा भरून घेऊन आल्या. मी म्हटलं, हा आग्रह. आग्रह मोडणं मला मुंजीपासून जमलेलं नाही. दुसरीही संपवली.

मग शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. देसाबाईंनी तोच ट्रे त्यांच्यापुढे धरला, वाटीत आता बरणी खरवडून काढलेल्या कशाबशा पाच-सहा चेरी होत्या. बाईंनी एक चमचा, एकच, तोंडात घातला, चमचा पाण्याच्या पेल्यात सोडला, दोन घोट पाणी घेतलं, काहीतरी आशीर्वादपर पुटपुटल्या आणि खुर्चीत बसल्या.

माझे कान तापले. मिलुतिनराव वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. ते शांतपणे म्हणाले, "काळजी करू नका. तुम्ही फक्त चाळीस पाहुण्यांचं स्वागत एकट्यानं खाल्लंत."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "हे मी पुढच्या पुस्तकात घालू का? तुमची हरकत नसेल तरच."

मी घाईघाईनं म्हटलं, हरकत कसली! पण म्हणताना पोटात काहीतरी टोचलं, आणि ते चेरीचं बी नव्हतं. या माणसानं माझा साधा वेंधळेपणा वापरायलासुद्धा परवानगी मागितली होती. मी त्याची अख्खी कादंबरी न विचारता उचलून पनवेलला नेली होती.

त्याआधी, पनवेल

हे प्रकरण नीट सांगायला हवं.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या तपासणीचं काम करतो. काही वर्षांपूर्वी तिथे एक युगोस्लाव्ह इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. जाताना तो गेस्ट हाउसमध्ये एक इंग्रजीत भाषांतर झालेली कादंबरी विसरून गेला. एका लहान गावाची गोष्ट. गावाला राजधानीतून कळतं की चौकात एका थोर माणसाचा पुतळा बसणार आहे. गाव चौथरा बांधून तयार होतं, पण पुतळा काही येत नाही. उद्घाटनाचा दिवस उजाडतो, तेव्हा समिती एका रिटायर्ड पोस्टमनला पितळी रंग फासून चौथऱ्यावर उभा करते. एकाच दिवसापुरता. पण लोक इतक्या आदरानं हार घालतात, की संध्याकाळी पोस्टमन खाली उतरायला तयारच होत नाही.

एका रविवारात मी ती वाचून काढली आणि दुसऱ्या रविवारी मराठी करायला बसलो. सवय जुनी. आपल्याकडे बाहेरचं नाटक आणलं की पात्रांना आपली नावं द्यायची, आपल्या गावात त्यांना बिऱ्हाड करून द्यायचं, ही रीतच आहे. त्याला रूपांतर म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पोस्टमनचा मी कचेरीतला रिटायर्ड कारकून केला. त्याची केसाळ टोपी काढून पांढरी टोपी घातली. चौथरा वडाळे तळ्याच्या काठी बसवला, आणि दारूच्या गुत्त्याचं एसटी स्टँडसमोरचं चहाचं दुकान केलं. एका दिवाळी अंकानं ती सगळीच्या सगळी छापली.

दिवाळीनंतर आठच दिवसांत एका कचेरीतले हेडक्लार्क घरी आले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चौथऱ्यावरचा तो मीच."

मी म्हटलं, "नाही हो साहेब! तो मुळात सर्बियातला पोस्टमन आहे."

"मग त्या सर्बियावाल्याचं पत्र दाखवा."

हे मढवींच्या कानावर गेलं. मढवी म्हणजे आमच्या गावातले प्रेसवाले. कादंबरीचं पुस्तक करायचं त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पहिले दोन फर्मे, म्हणजे छापायच्या पानांचे साचे, शिशाचे खिळे जुळवून, दोरीनं बांधून तयार ठेवले होते. मी तपासणीसाठी बेलग्रेडला जाणार असं कळल्यावर ते लुनावरून घरी आले.

"सायेब, त्या लेखकाची सही आना. माज्याकडं टाइप हाय तो इतकाच. तुलशीचं लगीन झालं का आमची पत्रिकांची गर्दी सुरू होते. तवर सही नाय आली तर मी फर्मे सोडनार. मंग तुमचा पुतला बसला खाली."

तेव्हा माझ्या या प्रवासाला दोन कामं होती. कारखान्याचं, ज्यासाठी तिकीट मिळालं. आणि सहीचं, ज्यासाठी मला झोप लागत नव्हती. त्यात मी मिलुतिनरावांना पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या कादंबरीचा मी अनुवाद केला आहे.' अनुवाद! त्यांचं उत्तर आलं ते एका छापील सरकारी फॉर्मच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर, तीनच शब्दांत. 'शनिवारी घरी या.'

मधला आठवडा

पहिल्या शनिवारी मोरांब्यामुळे तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. आठवडाभर तिथल्या कारखान्यात मापं घेत होतो आणि मनात वाक्यं जुळवत होतो.

शहर मला आवडलं. ट्राममध्ये लोक म्हाताऱ्यांना जागा देतात आणि मग त्यांच्याशी भांडतात. एका संध्याकाळी किल्ल्यावर गेलो, तिथून साव्हा आणि डॅन्यूब यांचा संगम दिसतो. पाणी इतकं रुंद, की मला आमच्या गाढी नदीची दया आली. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. सप्टेंबरअखेर या शहराला भाजलेल्या मिरचीचा वास येतो. लाल, जाड, हाताएवढ्या ढोबळ्या मिरच्या, त्यांत थोड्या तिखटही, पोत्यांनी घरी येतात, अंगणात, गच्चीत चुलीवर भाजतात, सोलतात, कुटून तासन्‌तास परततात आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरतात. त्याला आयवार म्हणतात. सगळं शहर एकाच वेळी भरीत करतंय, असं वाटतं. नाक चोंदलं, पण जीव रमला.

जेवणाचे माझे हाल व्हायचे ते झालेच. मांस खात नाही म्हटल्यावर कारखान्यातल्या वाढप्यानं समजुतीनं मान हलवली आणि कोंबडी आणून ठेवली. तेव्हा चिवडा आणि लिंबाचं लोणचं यांवर भिस्त होती. त्या लोणच्यानंच पुढे माझा घात केला. बरणी बॅगेत कलंडली आणि तेल मिलुतिनरावांसाठी आणलेल्या दिवाळी अंकात मुरलं.

दुसरा शनिवार, अंगणात

गेलो तेव्हा अंगणात चूल पेटलेली, मिरच्यांचा ढीग, आणि मिलुतिनराव एप्रन बांधून सोलत बसलेले. मलाही एक एप्रन मिळाला. भाजलेली मिरची सोलणं म्हणजे वांगं सोलण्यासारखंच. फक्त बोटांची आग नंतर कळते.

सोलता सोलता ते स्वतःबद्दल बोलले. रोज सकाळी भाजीबाजारात जातात, रांगेत मुद्दाम शेवटी उभे राहतात आणि ऐकतात. घरी येऊन ऐकलेलं फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहितात. फॉर्म मेव्हणा पुरवतो, तो एका कचेरीत आहे. "पुढच्या बाजूला सरकार खोटं लिहितं, मागच्या बाजूला मी," ते म्हणाले. चौथऱ्याची कादंबरी निघाली तेव्हा कुणी बंदी घातली नाही. फक्त दुसऱ्या आवृत्तीला कागद मिळाला नाही. चार वेळा विचारलं, चारही वेळा कागद संपलेला होता.

"आणि तुमचं गाव?" मी विचारलं. कारण कादंबरीतलं गाव त्यांचं जन्मगाव आहे, हे मी पुस्तकाच्या मलपृष्ठावर वाचलं होतं.

"अकरा वर्षं गेलो नाही. गावातल्या निम्म्या लोकांना वाटतं, पोस्टमन म्हणजे आपणच. ते चिडलेत."

"आणि बाकीचे निम्मे?"

"आपण पुस्तकात नाही म्हणून ते जास्त चिडलेत."

हसताना मी पाहिलं, त्यांच्या हातातली मिरची तशीच राहिली होती. वडील, आई तिकडेच पुरलेले आहेत, ते म्हणाले. धाकटी बहीण पत्र लिहिते, पण ये म्हणत नाही.

मग त्यांनी हात पुसले. "दाखवा ना, तुमचा अनुवाद."

मी अंक पुढे केला. तेलामुळे पानं चिकटली होती, अंक आपोआप एकाच जागी उघडला, आणि नेमकं तिथे चित्र होतं. तळ्याकाठचा चौथरा. त्यावर धोतर, कोट आणि पांढरी टोपी घातलेला माणूस. मागे दोन रिक्षा आणि एक म्हैस.

मिलुतिनरावांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"हा कोण?"

"हा... तुमचा पोस्टमन."

"ही?"

"ती म्हैस. ती चित्रकारानं स्वतःच्या मनानं घातली."

"आणि माझं गाव कुठे आहे?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं गाव पनवेलला आहे." आणि सगळं सांगितलं. रूपांतर, वडाळे तळं, चहाचं दुकान, मढवींचे बांधलेले फर्मे, तुळशीचं लग्न. तुळशीचं लग्न समजावताना फार वेळ गेला. हेडक्लार्कांचंही सांगितलं, ते कसे कप खाली ठेवून 'तो मीच' म्हणाले ते.

मिलुतिनरावांनी चिकटलेली पानं एकेक करून सोडवली. चुलीवर एक मिरची फुटली. मला वाटलं, आता उठून जावं आणि मढवींना तार करावी, की फर्मे सोडा.

"वाचा," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्यापासून वाचा. तुमच्या भाषेत एक वाक्य, मग इंग्रजीत तेच. काय चोरलंय ते मला कळायला नको?"

तेव्हा मी वाचायला लागलो. आधी मराठी, मग इंग्रजी. ते पुढे देसाबाईंसाठी सर्बियन करत होते. एकच वाक्य तीन घरं फिरून येत होतं. मिलुतिनराव वहीला लाल पेन्सिल लावणाऱ्या मास्तरांसारखे बसले होते. समितीची सभा झाली, उद्घाटन झालं, कारकुनाला पितळी रंग लागला. हसू नाही. देसाबाईंनी पाणी आणून दिलं. जेवण आणलं, वाढलं, बरण्या पुसल्या, चूल सारली. आमच्याबरोबर त्या बसल्या नाहीत, उभ्यानंच ऐकत होत्या. मला अगदी आपल्या घरी असल्यासारखं वाटलं.

मग कारकुनाची बायको आली.

मूळ कादंबरीत पोस्टमनच्या बायकोला एकच वाक्य आहे. 'रोज दुपारी ती डबा ठेवून जाई.' संपलं. मराठी करताना मला ते अडलं. नवरा चौथऱ्यावर जाऊन उभा राहिलाय आणि बायको काही बोलत नाही, असं पनवेलला होत नाही. तेव्हा तिला मी बोलकी केली. चौथऱ्याखाली उभी राहून ती म्हणते:

"अहो पुतळे, आज कढी केलीय. डोक्यावरचा कावळा उडवा आणि जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी म्हणते, "रेशनकार्डावर तुमचं नाव आहे, पुतळ्याचं नाही. साखरेला तुम्हालाच यावं लागेल."

तिसऱ्या दिवशी, "सगळं गाव तुमच्या पाया पडतंय, त्यांना सांगा जरा, की या पायांचे मोजे कुठे सापडतात ते. पलंगाखाली!"

देसाबाईंनी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. मग तो सुटला आणि त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसायला हात नेला. मिरचीचाच हात! हसणं आणि रडणं एकत्र सुरू झालं. मी पाणी आणायला धावलो आणि रिकाम्या बरण्यांच्या रांगेत पाय घातला. दोन फुटल्या. या घरातली माझी नासधूस आता मोजण्यापलीकडे गेली होती.

गोंधळ ओसरल्यावर मिलुतिनराव म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही."

"नाही."

"तुम्हीही लिहिलेलं नाही. तुमची बाकीची वाक्यं वेगळी आहेत." वीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. "कोणाचं आहे?"

मी सांगितलं. माझी बायको शालन रोज जे बोलते, ते मी त्या बाईच्या तोंडी घातलं. कावळा तेवढा माझा.

देसाबाईंनी नवऱ्याला काहीतरी विचारलं. त्यांनी मला विचारलं, "देसा विचारते, त्यांना हे माहीत आहे?"

नव्हतं. अंक निघाला तेव्हा शालन चकल्यांत होती, नंतर अंक शेजारी गेला तो परत आलाच नाही. शिवाय घरात लिहिलेलं घरात वाचायची आमच्याकडे पद्धत नाही.

रविवार, सही

दुसऱ्या दिवशी उरलेली पानं वाचली. सोमवारी माझं विमान होतं. शेवटचं वाक्य झाल्यावर मिलुतिनरावांनी मला हेडक्लार्कांची हकिगत पुन्हा सांगायला लावली. कप कुठल्या हातानं ठेवला, ते सुद्धा विचारलं.

"म्हणजे पाच-सहा हजार किलोमीटरवर एक माणूस उठून म्हणतो, तो मीच," ते म्हणाले. "माझ्या गावानं मला बाहेर काढलं. तुमच्या गावानं न विचारता ठेवून घेतलं. चिडू कुणावर?" मग त्यांनी एक फॉर्म उलटा केला आणि परवानगी लिहिली. चार ओळी इंग्रजीत, खाली सही. सहीखाली पट्टीनं एक रेघ मारली आणि ती कोरी ठेवली.

"ही कशाला?"

"माझं तेवढं मी दिलं. बायकोची वाक्यं माझी नाहीत, ती मी कशी देऊ? या रेघेवर त्यांची सही झाली तरच माझी सही खरी. मी मोरांब्यासाठी तुम्हाला विचारलं होतं. आठवतं?"

माझी मान खाली गेलेली बघून त्यांनी अंगठ्याएवढ्या पेल्यात घरची आलुबुखाऱ्याची दारू ओतली. मी घेत नाही हे सांगेपर्यंत ती घशाखाली गेली होती. आल्याचा काढा बरा म्हणायची वेळ. देसाबाईंनी शालनसाठी आयवारची बरणी दिली, टॉवेलात गुंडाळून, आणि कागदावरच्या कोऱ्या रेघेवर बोट टेकवून मला बजावलं. भाषा कळली नाही. सूर कळला.

परत

पनवेलला मला वाटलं होतं, शालन हसेल आणि सही करून टाकेल. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आधी वाचते. न वाचता सही करायला मी काय कचेरीत आहे?"

तीन दिवस ती माझं हस्तलिखित वाचत होती. भाजी निवडताना, कुकरच्या शिट्यांमध्ये, दुपारी. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी घरात पावलं न वाजवता फिरत होतो. मोजे स्वतः धुतले. आयवार सगळ्यांना आवडलं, आमच्याकडे ते भाकरीबरोबर संपलं, आणि पहिल्यांदा वाढताना मी चमचा एकच घेतला.

पुस्तक पुढे निघालं. हेडक्लार्कांनी चार प्रती घेतल्या. एक प्रत मी मिलुतिनरावांना पाठवली, त्यांनी ती बहिणीकडे गावी पाठवली, आणि बहिणीनं वाचता न येणाऱ्या त्या पुस्तकातलं म्हशीचं चित्र बघून लिहिलं, 'आता ये.' त्या पुस्तकात एक प्रकरण असं आहे, की ते मूळ कादंबरीत नाही आणि दिवाळी अंकातही नव्हतं. ते कसं आलं तेवढं सांगून थांबतो.

चौथ्या दिवशी मढवी दारात. "वयनी, तुलशीच्या लग्नाला महिनाच रायला. करा सही, माजं खिले अडकलेत."

शालननं हात पुसले, माझ्या खिशातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि कागदावरच्या त्या रेघेवर निब टेकवलं. मढवींनी श्वास रोखला, मी तर आधीच रोखला होता. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"करते सही," ती म्हणाली. "पण मला एक सांगा. एकशे ऐंशी पानं ती बाई उन्हातून त्यांचा डबा घेऊन जाते. ती स्वतः कधी जेवते?"